मृत्यूंची नोंद कोणी ठेवायची?

20 जुलै 2021 रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार ह्यांनी एका प्रश्नाला लेखी उत्तर दिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या तुटवड्यामुळे रुग्ण दगावल्याची निराळी नोंद कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने कळविलेली नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर शब्दशः खोटे होते असे म्हणता येणार नाही. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. राज्ये जे कळवितात तेच केंद्र सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचे नाव लिहितात. रुग्णाच्या उशाजवळचा सिलिंडर रिकामा होता, असे त्यावर कोणी लिहीत नाही. महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनीही आपल्या राज्यात असा मृत्यू झालेला नाही, असेच सांगितले. केंद्रात एका पक्षाचे सरकार होते, मुंबईत त्याच्या विरोधकांचे होते. एरवी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले हे दोघे ह्या एका बाबतीत मात्र एका सुरात बोलत होते.

त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि नळीतला दाब कमी झाल्याने 22 रुग्ण गेले. तो अपघात होता, तुटवडा नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. मग गोव्याचे काय? 11 मे 2021 रोजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहाटे दोन ते सहा ह्या चार तासांत 26 रुग्ण मरण पावल्याचे खुद्द राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले आणि उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चौकशी व्हावी अशी मागणी केली. मुख्यमंत्र्यांचे म्हणणे निराळे : प्राणवायू कमी नाही, तो वॉर्डापर्यंत वेळेवर पोहोचविण्यात अडचण आहे. ज्याचा श्वास कोंडला त्याच्या दृष्टीने ह्या दोहोंत फरक तो काय? पण कागदाच्या दृष्टीने फरक पडतो. आणि अखेरीस जे उरते ते कागदावरचेच उरते.

ज्या मरणाची नोंद होत नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. महासाथीच्या काळात आपल्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने काय केले, ह्याचा विचार आम्हाला ह्याच अंगाने करावासा वाटतो. वृत्तपत्रांनी भीती पसरविली की धीर दिला, ही चर्चा पुष्कळ झाली. खरा प्रश्न वेगळा आहे. सरकारने जे मोजले नाही ते मोजण्याचे काम वृत्तपत्रांनी केले काय? आणि रुग्णालये ज्या कारणांनी कोसळली त्या कारणांचा पाठपुरावा, चिता विझल्यानंतर, कोणी चालू ठेवला?

ज्यांनी मोजले त्यांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. एप्रिल 2021 मध्ये अहमदाबादच्या 'संदेश' ह्या गुजराती दैनिकाने आपले वार्ताहर रुग्णालयाच्या शवागाराबाहेर आणि शहरातल्या स्मशानांत उभे केले. एका रात्री एकवीस स्मशानांत त्यांनी दोनशेहून अधिक प्रेते मोजली. शहराचा अधिकृत आकडा त्या वेळी 25 होता. 14 मे 2021 रोजी 'दिव्य भास्कर'ने जिल्ह्याजिल्ह्यांतून व महापालिकांतून मृत्यूचे दाखले गोळा करून हिशेब छापला : 1 मार्च ते 10 मे ह्या 71 दिवसांत गुजरातेत 1 लाख 23 हजार दाखले दिले गेले होते, आदल्या वर्षी त्याच काळात ते 58 हजार होते. सरकारच्या लेखी ह्या मुदतीत कोरोनाने गेलेले होते 4,218. ह्या कामाला काही मोठी यंत्रणा लागली नाही. रात्रभर जागणारे वार्ताहर लागले, बेरीज करणारी माणसे लागली, आणि बेरीज छापण्याची संपादकाची तयारी लागली.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे साहाय्य द्यायचे ठरले, तेव्हा ह्या मोजणीची साक्ष सरकारच्याच दप्तरांनी दिली. जानेवारी 2022 मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार गुजरातेतील अधिकृत मृत्यू होते सुमारे दहा हजार, आणि सरकारने मंजूर केलेले दावे होते 68 हजारांहून अधिक. महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू 1 लाख 41 हजार, तर आलेले अर्ज 2 लाख 13 हजार. साहाय्याचे निकष मृत्यूच्या अधिकृत व्याख्येपेक्षा सैल होते, हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु एवढी तफावत केवळ व्याख्येने भरून निघत नाही. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 व 2021 ह्या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा 47 लाख मृत्यू अधिक झाल्याचा अंदाज दिला. अधिकृत आकडा होता 4 लाख 81 हजार. आमच्या सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा अधिकार त्याला आहेच. पण आपल्या हाती असलेली जन्म-मृत्यू नोंदणीची 2021 सालची आकडेवारी त्याने प्रसिद्ध केली ती मे 2025 मध्ये. तिच्यावरून दिसते की 2019 साली देशात 76 लाख मृत्यू नोंदले गेले होते, 2020 साली 81 लाख, आणि 2021 साली 1 कोटी 2 लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ! ह्यातले सगळेच मृत्यू कोरोनाचे असतील असे नाही. काही वाढ नोंदणी सुधारल्याचीही असेल. तरीही हा आकडा येताच देशभर त्याची चर्चा व्हायला हवी होती. त्याच आठवड्यात पाकिस्तानशी लष्करी संघर्ष उसळला होता, आणि चार वर्षे उशिरा आलेला हा हिशेब बहुतेक वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर विरून गेला.

आता दुसरी बाजू. महासाथीचे पहिले वर्ष आपल्या वृत्तवाहिन्यांनी कसे घालविले? मार्च 2020 च्या अखेरीस दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्याची बातमी आली आणि पुढचे कित्येक आठवडे एका विषाणूला धर्म चिकटविण्याचा उद्योग अहोरात्र चालला. भाजीच्या गाड्या अडवून विक्रेत्याचे नाव विचारण्यापर्यंत मजल गेली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधू पाहते असे सांगून मुद्रित आणि दूरचित्रवाणी माध्यमांनी केलेल्या प्रचारावर स्पष्ट शब्दांत ताशेरे ओढले. ज्या वाहिन्यांनी आरोप चोवीस तास दाखविला, त्यांनी निकालाला किती मिनिटे दिली?

त्याच उन्हाळ्यात एका चित्रपट अभिनेत्याचा मृत्यू झाला आणि त्या मृत्यूचा खटला वाहिन्यांनी आपल्या दालनात चालविला. देशाचे सकल उत्पन्न एका तिमाहीत 23.9 टक्क्यांनी घसरल्याचा आकडा 31 ऑगस्टला जाहीर झाला. सप्टेंबरच्या मध्यावर दिवसाला 97 हजार नवे रुग्ण सापडू लागले. त्या दिवसांत पडद्यावर काय चालू होते हे वाचकांना आठवत असेलच. 2 सप्टेंबर 2020 रोजी पुण्याच्या नव्याने उभारलेल्या जम्बो रुग्णालयात एका मराठी वृत्तवाहिनीचा तरुण वार्ताहर मरण पावला. त्याला अन्यत्र हलविण्यासाठी सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही, अशी त्याच्या सहकाऱ्यांची तक्रार होती. आपल्याच माणसाच्या मरणाने माध्यमांचे डोळे काही दिवस रुग्णालयाकडे वळले. मग ते पुन्हा मुंबईतल्या त्या खटल्याकडे परतले.

ह्याहून कमी बोलले गेलेले अपयश विज्ञानाच्या बाबतीतले आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, कारण त्याने प्राण वाचतात असा पुरावा नाही, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच दिला होता. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या गावोगावी ह्याच इंजेक्शनासाठी रांगा लागल्या, दागिने विकले गेले, काळा बाजार फोफावला. वृत्तपत्रांनी काळ्या बाजाराच्या बातम्या दिल्या, साठेबाजांची छायाचित्रे छापली, कोणत्या पुढाऱ्याने किती कुप्या आणल्या त्याचे कौतुकही छापले. 'हे औषध तुमच्या माणसाला वाचवीलच असे नाही' एवढे एक वाक्य पहिल्या पानावर ठळक छापणारी पत्रे किती होती? रक्तद्रवाच्या उपचाराचेही तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच चाचणीत त्याचा उपयोग दिसला नव्हता आणि हा निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्धही झाला होता. तरी मे 2021 मध्ये तो उपचार अधिकृत मार्गदर्शिकेतून वगळला जाईपर्यंत दात्यांसाठीची आवाहने चालूच राहिली. तुटवड्याची बातमी देणे सोपे असते. ज्या वस्तूचा तुटवडा आहे ती हवी आहे काय, हे विचारायला थोडे वाचावे लागते. डॉक्टरांना, प्रसंगी त्यांचा रोष पत्करून, प्रश्न विचारावे लागतात.

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, त्याचा विचार केला पाहिजे. संकटकाळात वृत्तपत्रांनी संयम पाळावा, लोक घाबरले तर अधिक हानी होते, असे म्हटले जाते. 31 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, स्थलांतरित मजुरांच्या प्रश्नावरील सुनावणीत, खोट्या बातम्यांनी घबराट पसरते असे म्हणून माध्यमांना सरकारी निवेदनाचा संदर्भ घेण्याचा व ते प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. अफवा घातक असतात, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाल्यावर मजूर पायी निघाले ते अफवेमुळे नव्हे. रोजगार बुडाला, घरमालकाने भाडे मागितले आणि शिधा संपला म्हणून निघाले. 8 मे 2020 रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून भुसावळकडे चालले होते. त्यांना कोणत्या बातमीने घाबरविले होते? आणि अफवेला खतपाणी घालते ते माहितीचे दुर्भिक्ष्य. स्मशानात रात्रंदिवस चिता पेटलेल्या दिसत असताना सकाळच्या पत्रात दोन आकडी संख्या वाचायला मिळाली, तर लोकांचा विश्वास पत्रावरून उडतो आणि भ्रमणध्वनीवर येणाऱ्या कोणत्याही मजकुरावर बसतो. एका वर्षाच्या अनुभवानंतर, 30 एप्रिल 2021 रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाला असे बजावावे लागले की समाजमाध्यमांवर मदतीची याचना करणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल.

महाराष्ट्राला ह्या वादाचा इतिहास नवा नाही. मार्च 2020 मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठीच घाईने केलेला. त्या वेळी पुण्यात घरे तपासण्याच्या निमित्ताने झालेल्या जुलुमावर 'केसरी'ने कठोर टीका केली, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. टिळकांनी साथ नाकारली नव्हती. त्यांनी स्वतः प्लेगच्या रुग्णालयासाठी खटपट केली. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुल्यांनी देह ठेवला. सेवा आणि टीका ह्या गोष्टी तेव्हा परस्परविरोधी मानल्या गेल्या नाहीत. ह्याउलट 1918 च्या इन्फ्लुएंझाने ह्या देशातली एक कोटीहून अधिक माणसे नेली, पण प्लेगची जशी आठवण आपल्या इतिहासात आहे तशी तिची नाही. ती माणसे आली कोठली, गेली कशाने, सरकारला त्याचा जाब कोणी विचारला, ह्याचे लेखन फार थोडे मागे राहिले. एवढ्या मोठ्या संहाराचेही विस्मरण होऊ शकते, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपली वृत्तपत्रे घटना टिपतात, व्यवस्था टिपत नाहीत. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. 23 एप्रिलला विरारच्या खाजगी रुग्णालयातील अतिदक्षता विभाग जळाला. तेरा रुग्ण गेले. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा. प्रत्येक वेळी मंत्र्यांची धावपळ, चौकशीची घोषणा, पाच लाखांची मदत आणि निलंबने हे सारे पहिल्या पानावर आले. भंडाऱ्यानंतर राज्यातल्या किती रुग्णालयांची विजेची व आगीची तपासणी झाली, त्यासाठी किती पैसा मिळाला, किती खर्च झाला, हा पाठपुरावा नेटाने चालला असता तर कदाचित अहमदनगरच्या अकराजणांच्या वाट्याला वेगळे काही आले असते. महासाथ सरल्यानंतरही रीत तीच राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, आणि ते दृश्य दिवसभर दाखविले गेले. रिकामी पदे, औषधांच्या खरेदीतला विलंब, आसपासच्या चार जिल्ह्यांतून येणारा रुग्णांचा लोंढा ह्या गोष्टींना दृश्य नसते. म्हणून त्या पडद्यावर येत नाहीत.

असे का होते? वार्ताहरांच्या अंगी वृत्ती नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला बातमीमागे तुटपुंजे मानधन मिळते आणि अंकासाठी जाहिरातीही त्यानेच मिळवायच्या असतात. त्या जाहिराती देणारा कधी स्थानिक पुढारी असतो, कधी खाजगी रुग्णालयाचा मालक. टाळेबंदीत उत्पन्न घटले तेव्हा मोठ्या पत्रसमूहांनी पहिली कुऱ्हाड चालविली ती वार्ताहरांच्या पगारावर आणि नोकऱ्यांवर. सत्तेचा धाकही होता. एप्रिल 2020 मध्ये वांद्र्याच्या गर्दीनंतर एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला, रेल्वेच्याच पत्राच्या आधारे दिलेल्या बातमीसाठी, अटक झाली. पुढे त्याला जामीन मिळाला. 22 जुलै 2021 रोजी 'दैनिक भास्कर' समूहाच्या कार्यालयांवर आयकर खात्याने छापे घातले. करचुकवेगिरीची चौकशी असे खात्याचे म्हणणे होते. पण ज्या समूहाने नुकतीच गंगेच्या काठची प्रेते देशाला दाखविली होती त्याच्यावरच ही वेळ यावी, ह्याचा अर्थ इतर संपादकांनी आपापल्या परीने लावला असणार. जे पत्र जाहिरातदार आणि सरकार ह्या दोघांवर जगते, त्याने ह्या दोघांविरुद्ध रुग्णाची बाजू घ्यावी, ही अपेक्षा केवळ संपादकाच्या सद्‌बुद्धीवर ठेवता येत नाही. वाचकानेही पत्र चालविण्याचा भार उचलल्याखेरीज ती पुरी होणार नाही.

रुग्णाची बाजू म्हणजे काय, हेही स्पष्ट केले पाहिजे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारचा आरोग्यावरील खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन दिले होते. महासाथीच्या ऐन धुमश्चक्रीत, 2021-22 मध्येही, तो 1.84 टक्केच होता. 2025 ची मुदत आली आणि गेली. तिचे काय झाले, असे किती पत्रांनी ठणकावून विचारले? मे 2020 मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर ठरवून दिले. त्या आदेशाची अंमलबजावणी किती झाली, हे जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांना घरोघरी बिले तपासून शोधावे लागले. आणि ज्यांच्यासाठी देशाने थाळ्या वाजविल्या त्या महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा सेविकांना, दुसरी लाट पुरती ओसरली नसताना, 15 जून 2021 पासून संपावर जावे लागले. घरोघर जाऊन रुग्ण शोधणाऱ्या ह्या बायांना आजही कामगार न म्हणता स्वयंसेविका म्हणतात. थाळ्यांच्या आवाजाची बातमी सर्वांनी दिली. संपाच्या कारणांची बातमी बहुतेकांनी आठवडाभरात आटोपली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक जिल्ह्याच्या मृत्यूंची नोंद महिन्याच्या महिन्याला, कारणांसह, जनतेपुढे आली पाहिजे. ती चार वर्षे दडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. रुग्णालयातल्या प्रत्येक सामूहिक मृत्यूच्या चौकशीचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला पाहिजे आणि तो जाहीर झाला पाहिजे. आणि वृत्तपत्रांनी, विशेषतः जिल्ह्याच्या पत्रांनी, आरोग्य हा साथीपुरता विषय न मानता बारमाही मानला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे काय, रुग्णवाहिकेला चालक आहे काय, ऑक्सिजनचा जो प्रकल्प मंत्र्यांच्या हस्ते सुरू झाला तो आज चालू आहे काय, हे प्रश्न साथ नसतानाच विचारायचे असतात. साथ आल्यावर विचारायला वेळ उरत नाही.

गुजरातेतल्या त्या वार्ताहरांनी स्मशानात उभे राहून जे केले ते कोणत्याही गावात करता येते. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांना निदान एवढे कळण्याचा हक्क आहे की तो कशाने गेला आणि तो वाचला असता काय. हे सरकार सांगत नसेल, तर ते शोधून काढणे हे वृत्तपत्रांचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्यांच्याकडून ते करून घेणे हे वाचकांचे.